भीमेकाठचं भूमध्य

मराठी माणूस भूमध्य समुद्राच्या काठी एकदा जाऊन आला की तीन विषयांवर बोलल्याशिवाय त्याला जेवण जात नाही: तिथल्या इमारती, तिथलं खाणं आणि तिथली हवा. आमचे दाजी गेल्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर अथेन्स, रोम आणि बार्सिलोना करून आले. तेव्हापासून ते कुणाच्या बारशाला गेले तरी पहिली पंधरा मिनिटं खांबांवर बोलतात, मग ऑलिव्हच्या तेलावर येतात आणि पोराचं नाव ठेवून होईपर्यंत उन्हावर पोचतात. "तिथलं ऊन म्हणजे अगदी सोनं!" असं म्हणून डोळे मिटतात. हेच दाजी दौंडला उतरले की रुमाल डोक्याला बांधून म्हणतात, "काय हा रखरखाट तुमच्याकडे!"

दौंड त्यांची सासुरवाडी. लग्न झाल्यापासून ते इथे येताहेत आणि त्यांनी इथे पाहिलंय काय, तर स्टेशन, आमचं घर आणि परत स्टेशन. त्यात त्यांचाही फार दोष नाही. दौंड पाहिलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही आणि दौंड पाहायला आलो असं म्हणणाराही सापडायचा नाही. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि तेव्हापासून आमच्या गावाचा मुख्य व्यवसाय लोकांना थांबवून ठेवणं हा झाला. पुण्याकडून येऊन नगरमार्गे मनमाडला जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. पुण्यात भांडून गाडीच्या दिशेनं तोंड करून बसलेला माणूस दौंडनंतर मनमाडपर्यंत पाठमोरा जायचा आणि समोरचा, ज्यानं पुण्यात पड खाल्ली होती, तो वाकून खिडकीबाहेर बघत हसायचा. एवढा तत्काळ न्याय दुसऱ्या कुठल्या जंक्शनवर मिळत असेल असं मला वाटत नाही. आता कॉर्ड लाइन झाली आहे. काही गाड्या गावाला वळसा घालून परस्पर निघून जातात. वेळ वाचतो म्हणतात. कुणाचा, ते विचारू नये.

तर यंदा एप्रिलअखेरीस दाजी आले तेव्हा मी ठरवलं की त्यांना दौंड आणि शेजारचा शिरूर तालुका त्याच तीन कलमांखाली दाखवायचा. इमारती, खाणं, हवा. ताईनं मागच्या सीटवर बसायला साफ नकार दिला. "मी इथलीच आहे, मला माहितीय," म्हणाली आणि कुरडयांकडे वळली. आमच्या जुन्या मारुतीचा एसी चालत नाही. हे मी दाजींना वरवंड गेल्यावर सांगितलं.

सुरुवात रेल्वे कॉलनीपासून केली. काळ्या दगडाच्या भिंती, उतरती कौलं, पुढे रुंद व्हरांडा, डोक्यावर जुनी झाडं. इंग्रजांच्या काळात इथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबं राहायची. गावात चर्चही आहेत. दाजींनी मान डोलावली, पण ती रोमहून आलेल्या माणसाची मान होती. मग मी त्यांना गावठाणात एका जुन्या धाब्याच्या घरासमोर उभं केलं आणि त्यांच्याच मोबाइलमधला ग्रीक बेटाचा फोटो काढायला लावला. पांढऱ्या भिंती, सपाट छप्पर, हात-दीड हात जाडीच्या भिंतीत वीतभर खिडकी. समोर बघा म्हटलं. पांढऱ्या मातीच्या भिंती, सपाट छप्पर, दोन हात जाडीच्या भिंतीत वीतभर खिडकी.

"पण निळा दरवाजा नाही," दाजी म्हणाले.

दरवाजा होता. त्याला शेळी बांधली होती.

खरं म्हणजे हे घर फार हिशेबी असतं. लाकडाच्या तुळया, त्यावर आडव्या फळ्या-काटक्या, त्यावर पाला आणि वर तुडवून बसवलेला मातीचा जाड थर. उजेडाला छतातच साणं. कोकणात असं छप्पर घातलं तर पहिल्या आषाढात ते पानात पडेल. पण आमच्याकडे पाऊसच एवढा बेताचा की पाणी उतरवायला उतार कशाला हवा? त्यापेक्षा सपाट जागा मिळते, तिच्यावर पापड वाळतात आणि रात्री माणसं झोपतात. दिवसभराचं ऊन जाड भिंत स्वतःकडे ठेवून घेते, आत येऊ देत नाही. बेटावरच्या ग्रीक गवंड्यानं आणि आमच्या दौंडच्या गवंड्यानं एकमेकांना पत्र न पाठवता एकच गणित सोडवलं आणि उत्तर सारखं आलं. त्यांच्या उत्तराला पर्यटक येतात. आमच्या उत्तराला जेसीबी येतो.

जेसीबी जाऊन जे उभं राहतं, तेही दाजींना दाखवलं. उसाचं बिल आणि जमिनीचे पैसे एकाच वर्षी हातात आले की आमच्याकडे बंगला होतो. दर्शनी भागाला काच असते. काचेच्या दोन्ही बाजूंना दोन खांब. दाजी गाडी थांबवायला सांगून खाली उतरले आणि भारावून म्हणाले, "अरे, हे कॉरिंथियन आहेत!" होतेच. वर अ‍ॅकँथसची पानं कोरलेली होती, पानांवर सिमेंटचा गरुड, आणि दोन खांबांच्या मधोमध सोनेरी अक्षरांत 'आईचा आशीर्वाद'. गच्चीवर पुढच्या मजल्याच्या सळया आभाळाकडे बोट दाखवत उभ्या. ग्रीसमध्येही घराघरांवर अशा सळया दिसतात, असं दाजी म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांच्या आवाजात दौंडबद्दल आपुलकी आली. मालक कुठे होते? बंगल्यामागे चिंचेखाली बाज टाकून पडले होते. "आत स्लॅब लई तापतो," म्हणाले. "पाव्हण्यांना आत बसवतो. आम्ही हितंच बरं."

हवेबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण दाजींचा सगळा दिमाख तिच्यावर उभा आहे. अथेन्सला वर्षाला साधारण 400 मिलिमीटर पाऊस पडतो. दौंडला पाचशेच्या आतबाहेर. म्हणजे आकड्यात आम्ही दोघं शेजारीच. फरक एवढाच की त्यांच्याकडे तो हिवाळ्यात येतो आणि आमच्याकडे पावसाळ्यात यायचं कबूल करून सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर ओतून ढग सह्याद्री उतरतात, ते रिकाम्या हातांनी. जून-जुलैत ते दौंडवरून जातात, खाली बघतात, चौकशी करतात आणि सोलापूरकडे निघून जातात. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. छाया म्हणून आमच्या वाट्याला आलेली ती एकच.

तरीही तालुका हिरवागार दिसतो आणि पाहुण्याला हे कोडं पडतं. उत्तर पुण्यात आहे. पुण्याचं पाणी आम्हाला दोनदा मिळतं. एकदा खडकवासल्याच्या कालव्यातून, पुणेकरांनी वापरण्याआधी. आणि एकदा मुळा-मुठेतून, पुणेकरांनी वापरल्यानंतर. ही दुसरी आवृत्ती रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि सोबत फेस आणि जलपर्णी आणते. दाजी कोथरूडला राहतात. पुलावर मी गाडी थांबवली आणि त्यांना म्हटलं, "दाजी, घरचंच आहे, ओळखीचं काही दिसतंय का बघा." त्यांनी नाक दाबून पुढे चलण्याची खूण केली.

चौफुल्याला आम्ही वळलो. इथे कलाकेंद्रांच्या पाट्या लागतात. लावणीची ही जुनी पेठ. दाजींनी बार्सिलोनात तिकीट काढून फ्लॅमेंको पाहिला होता, त्यामुळे सांस्कृतिक तुलना करावी असा विचार त्यांनी गंभीरपणे मांडला. त्याच वेळी ताईचा फोन आला. "कुठपर्यंत पोचलात?" "केडगाव," असं दाजींनी सांगितलं आणि आम्हाला खरोखरच केडगावला पोचणं भाग पडलं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896 च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली-बायका वाचवून इथे आणल्या. दाजी तिथे बराच वेळ गप्प होते. चौफुल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता खाणं. केडगावच्या आसपास वाट चुकली तरी गुऱ्हाळ सापडतं. भल्याथोरल्या काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात चिपाडं ढणढणत असतात आणि गुळव्या काठावर उभा राहून मळी काढत असतो. रस स्वच्छ व्हावा म्हणून रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालायची जुनी रीत आहे. बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि आत काहील. दाजींनी एका हॉटेलात पैसे भरून सौना घेतला होता, तो आठवून त्यांनी इथे सदरा काढला. गुळव्यानं पळसाच्या पानावर काकवी दिली. दाजींनी बोटानं चाटली, डोळे मिटले. मी वाट पाहत होतो, सोनं म्हणतात का. म्हणाले, "पाणी आहे का?"

ऑलिव्हबद्दल त्यांचं म्हणणं असं की पाव तेलात बुडवून खाणं ही संस्कृतीची शेवटची पायरी आहे. अथेन्सला त्यांनी पावाच्या चार चकत्या आणि वाटीभर तेल यांचे नऊ युरो मोजले. माझी आजी ज्वारीची भाकरी परातीत घ्यायची, त्यावर शेंगदाण्याची चटणी, चटणीला अंगठ्यानं खळगा आणि खळग्यात घाण्यावरचं करडईचं तेल. करडई ही आमच्या कोरडवाहू रानाची सोबतीण. पाऊस नसला तरी थंडीच्या दवावर येते. काटे एवढे की जनावरही तोंड लावत नाही. तेल, धान्य, डाळ, कच्चा कांदा, लसूण आणि भरपूर चालणं, असा हा आहार. 2010 साली युनेस्कोनं भूमध्य आहाराला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या भाकरीचा अर्ज अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही, कारण अर्जात पाककृती लिहावी लागेल आणि पिठल्यात आधी लसूण की आधी मिरची यावर समितीत दोन पॅनेल पडतील. यवतला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा अख्खं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालतं. तिथे असला वाद कुणी काढत नाही. हजारो माणसं जेवायची असली की मतभेद आपोआप उकळून जातात.

मासे मात्र हवेतच, असा दाजींचा हट्ट. समुद्राकाठी सीफूड खाल्लं होतं ना! त्यावर मी त्यांना पारगावचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात नेलं आणि मासवडी मागवली. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरायचं, तिकोनी गुंडाळी दाबून वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर बाजरीच्या भाकरीशी खायच्या. वडी कापली की माशाच्या तुकड्यासारखी दिसते. त्यात मासा औषधालाही नसतो. समुद्र ज्यांच्याजवळ आहे ते मासा धरतात. आमच्यापासून समुद्र लांब, म्हणून आमच्या बायकांनी हरभऱ्याचा मासा केला. यापेक्षा मोठी कल्पनाशक्ती मला भूमध्य पाककलेत दाखवावी. दाजींनी रश्श्याचा पहिला घोट घेतला, त्यांचे कान लाल झाले, आणि त्यानंतर त्यांचं ऑलिव्हबद्दलचं भाषण जवळजवळ न्हावऱ्यापर्यंत थांबलं.

न्हावऱ्याहून इनामगाव. इथे घोड नदीच्या काठी मी गाडी थांबवली. दाजी उतरून चहूकडे बघू लागले. रान, ऊस, बाभळी.

"काय आहे इथे?"

"अथेन्स."

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, म्हणजे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1968 पासून 1983 पर्यंत इथे खणलं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातलं एक अख्खं गाव वर आलं. शंभरावर घरांच्या जमिनी, चुली, धान्याची बळदं, रंगवलेली भांडी. चौकोनी मातीची घरं, कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. एक घर पाच खोल्यांचं निघालं, शेजारी धान्याचं कोठार, म्हणून ते गावप्रमुखाचं असावं असं ठरलं. ठरायला हरकत नाही. आजही आमच्याकडे कुणाचं घर मोठं आणि सोसायटीचं गोदाम कुणाच्या शेजारी, एवढं पाहिलं की चेअरमन सापडतो.

आणि हे लोक खात काय होते? प्रामुख्यानं सातू. जोडीला गहू, डाळी, शिकार. नदीचं पाणी वळवून पाट काढला होता. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात त्यांनी कमी पाण्याचं धान्य निवडलं, हे मला त्यांच्या शहाणपणाचं सगळ्यात मोठं लक्षण वाटतं. कारण त्याच रानात आम्ही काय लावतो, ते दाजींच्या पाठीमागे आठ फूट उंच उभं होतं आणि त्यात बिबट्या नाही याची खात्री देता येत नव्हती.

दाजींना सगळ्यात जास्त रस वाटला तो या लोकांच्या अंत्यविधीत. लहान पोर गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून घराच्या जमिनीतच पुरायचं. मोठा माणूस गेला तर पुरण्याआधी त्याची पावलं घोट्यापासून तोडायची. गेलेल्यानं घर सोडून भटकू नये यासाठी असावं, असा अभ्यासकांचा तर्क. मी म्हटलं, माणसाला गावात धरून ठेवायचा आमचा प्रयत्न असा तीन हजार वर्षांचा आहे. तरीही पोरं पुण्याला जातात.

त्या काळात तुमच्या ग्रीसमध्ये मायसीनीचे राजे होते, हेही दाजींच्या कानावर घातलं. इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास तिकडची राज्यं एकामागून एक कोसळली. त्याला जी कारणं सांगतात त्यांत दुष्काळ आहेच. इकडे इनामगावात 1000 च्या सुमारास मोठी चौकोनी घरं गेली आणि छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती आखडली. 700 च्या आसपास गाव उठलं. हवा कोरडी होत गेली, असं ढवळीकरांनी मांडलं. दाजींनी ज्याच्यासमोर चोवीस फोटो काढले त्या पार्थेनॉनचं बांधकाम 447 मध्ये सुरू झालं, तेव्हा इनामगाव ओसाड पडून अडीचशे वर्षं झाली होती. म्हणजे आपल्याकडचं पडझडीचं काम त्यांच्याकडचं बांधकाम सुरू होण्याआधीच पुरं झालं होतं. दाजी उसाकडे बघत म्हणाले, "यांना कोणी सांगितलं का, की मागच्या वेळी काय झालं?" पहिल्यांदाच ते माझ्या मनातलं बोलले. मी उत्तर दिलं नाही. माझ्या चुलत्यांचा ऊस तीन एकर आहे.

शिरूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. जुनी माणसं या गावाला अजून घोडनदी म्हणतात. इंग्रजांची इथे छावणी होती आणि 31 डिसेंबर 1817 च्या रात्री पुण्याकडे निघून कोरेगावला लढलेली तुकडी इथलीच. त्या छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस 1809 साली इथेच वारला. त्याचं थडगं आहे. आणि पुढे शिरूरकरांनी जे केलं ते रोमनांनाही सुचलं नसतं: त्यांनी त्याला सत्पुरुष ठरवलं. सुगी झाली की गावकरी त्याच्या थडग्यापुढे धान्याचा नैवेद्य ठेवत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. रोममध्ये माणसाला संत करायचं तर चमत्कार सिद्ध करावे लागतात, साक्षी काढतात, पोपपर्यंत कागद जातो, शतकं उलटतात. शिरूरला ग्रामस्थांनी आपल्या पातळीवर विषय मंजूर केला. साहेबाला बाजरी आवडत होती का, एवढंच कुणी विचारलं नाही.

एकदा संत इंग्रज चालतो म्हटल्यावर मोटार इटलीची का नको? शिरूर तालुक्यातच रांजणगावला महागणपती आहे आणि त्याच रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट आहे. शेजारी कारारो, तीही इटलीची, ट्रॅक्टरचे अ‍ॅक्सल करते. बारामतीला पियाजिओ तीनचाकी बनवते, ज्या आमच्या दौंडात सहा जणांच्या जागेत अकरा माणसं आणि एक सायकल घेऊन धावतात. बारामतीतच फेरेरो पोरांची चॉकलेटची अंडी भरते. दाजी रोमला जाऊन इटली बघून आले. त्याआधीच इटली त्यांच्या सासुरवाडीशेजारी येऊन तीन पाळ्यांत कामाला लागली होती आणि तिला त्यांच्याकडून साधी भेटही मिळाली नाही.

परतीच्या रस्त्यावर रसवंतीला थांबलो. चरकाच्या घुंगरांचा आवाज, लिंबू, आलं, बर्फ. दाजींनी दोन ग्लास संपवले आणि निकाल दिला: इमारतीत तुम्ही हरलात, कारण होतं ते पाडलंत. खाण्यात बरोबरी. हवेबद्दल ते काही बोलले नाहीत, पण तिसरा ग्लास मागवला. पहिल्या मुद्द्यावर माझी त्यांच्याशी हुज्जत नाही. धाब्याचं घर पाडून काचेचं घर बांधायचं आणि मग एसीचं बिल बघून उन्हाला शिव्या द्यायच्या, याला वास्तुकला म्हणत नाहीत. ज्यांच्या गावात असं घर अजून उभं आहे त्यांनी निदान चैत्र-वैशाखातली एक दुपार आत बसून काढावी आणि मग ठेकेदाराला फोन करावा.

आणि पुणेकरांना एक सांगायचं. आमच्याकडे यायचं तर डिसेंबर-जानेवारीत या, हुरड्याच्या दिवसांत. एप्रिलमध्ये फक्त जावयाला बोलवतात. तेवढंही जमत नसेल तर इनामगावच्या उत्खननातल्या वस्तू येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. तिथे जायला व्हिसा लागत नाही, दोन-तीन सिग्नल लागतात. कोणत्या दिवशी उघडं असतं ते मात्र आधी फोन करून विचारा.